सासूभोवतीची भेग

आमच्या पर्यटकांच्या जहाजावर एउसेबियो ओयार्सोचं एकच काम होतं. बर्फावर माणसं उतरवायची की नाही, ते सांगणं. कॅप्टन हॉल्वर कितीही मोठा असला, तरी बर्फाच्या कडेशी आलं की तोही वरून वाकून विचारायचा, "काय म्हाताऱ्या, उतरवू?" मग एउसेबियो आधी थुंकायचा आणि नंतर उत्तर द्यायचा. वय चौसष्ट, घर अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला उशुआयात, बायको कधीच सोडून गेलेली, दाढीत कायम कशाचे ना कशाचे कण अडकलेले. दक्षिणेच्या तळांवर त्यानं एकवीस हिवाळे काढले होते, आणि बर्फाबद्दल त्याला जे कळायचं ते आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. याचं कारण म्हणजे तो कुणाला काही सांगायचाच नाही. "हे असं का करायचं?" असं विचारलं की म्हणायचा, "कर म्हटलं की कर. डोकं लावायला मी आहे."

मी नेलिदा बार्रिएन्तोस; तो मला नेली म्हणायचा. सहा वर्षं त्याच्या हाताखाली होते. रबरी होड्या चालवायच्या, पाहुण्यांचे बूट जंतुनाशकात बुडवून घ्यायचे, पेंग्विनच्या जवळ जाऊ नका म्हणून दिवसभर घसा कोरडा करायचा, ही माझी कामं. आणि मला त्याची जागा हवी होती. ते आता कशाला लपवू? तो निवृत्त झाला की बर्फाचा शब्द माझा चालेल, असं मी मनात धरून होते. तोपर्यंत त्याच्या शिव्या खायची माझी तयारी होती.

अंटार्क्टिकात वेडेल समुद्राच्या कडेला एक खाडी आहे. नकाशावर तिला नाव नाही. आम्ही तिला सासूची खाडी म्हणायचो, कारण तिच्या तोंडाशी एक हिमनग तळाला टेकून बसला होता, अकरा वर्षं. चर्चच्या मनोऱ्याएवढा उंच, सपाट डोक्याचा. त्याला सासू हे नाव एउसेबियोनंच दिलं होतं. "एकदा येऊन बसली की उठत नाही, आणि सगळं घर धरून ठेवते," असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे हसायचे. ते खरंच होतं. खाडीतला किनाऱ्याला धरून असलेला बर्फ त्या सासूमुळे जागेवर राहायचा. भिंतीत खिळा ठोकावा तशी ती बसलेली होती, आणि तिच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, सम्राट पेंग्विनची छोटीशी वसाहत होती.

छोटी म्हणजे किती छोटी, ते एउसेबियो दर वर्षी मोजायचा. त्या नोव्हेंबरात तीनशे बारा पिल्लं होती. करड्या लोकरीची, पोट सुटलेली, दिवसभर जेवण मागणारी. ती लोकर पाण्यात भिजते. पोहता येईल अशी पिसं यायला अजून चार आठवडे हवे होते. चार आठवडे बर्फ टिकला, तर पिल्लं समुद्रात उतरतील. नाही टिकला, तर संपलं. एवढंच त्यांचं गणित, आणि ते आमच्या जहाजावर भांडी घासणाऱ्यालाही पाठ होतं.

शेजारची मोठी वसाहत दोन वर्षांपूर्वी अशीच बुडाली होती. बर्फ महिनाभर आधी फुटला. तेव्हापासून एउसेबियो या तीनशे बारांबद्दल असा बोलायचा, की जणू ती त्याच्याच घरी जेवायला असतात. "माझी माणसं," म्हणायचा. खऱ्या माणसांबद्दल तो असं कधी बोलला नाही.

त्या सकाळी आम्ही दोघं रबरी होडीनं बर्फाच्या कडेशी गेलो. जहाज मागे थांबलं होतं. पद्धत ठरलेली होती. एउसेबियोनं लोखंडी टोकाची काठी आपटत पुढे जायचं, गिरमिटानं भोकं पाडून बर्फाची जाडी मोजायची, सासूपर्यंत जाऊन तिला एक चक्कर मारायची, तिच्याभोवतीच्या भेगेवर फळी टाकायची, वाटेवर निशाणं रोवायची. मग जहाज येऊन आपलं नाक बर्फात खुपसायचं. पार्किंगच म्हणा. नाकावरून शिडी टाकली की पाहुणे चालत निघायचे, सासूच्या कडेनं, फळीवरून, वसाहतीपर्यंत. दीड किलोमीटर.

होडीतून उतरताना एउसेबियो घसरला नाही, पण त्याच्या तोंडातून असा आवाज निघाला की मी वळून पाहिलं.

"गुडघा?" मी विचारलं.

"गुडघा नाही, तुझी आई."

"ऑपरेशन करून घे म्हटलं होतं ना तुला."

"करून घेतलं, आणि कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी घरी बसवलं, म्हणजे? तुला बरंच आहे." त्यानं काठी माझ्या हातात दिली. "तू जा सासूपर्यंत. मी इथे भोकं पाडतो. भेगेवर फळी टाक, निशाणं लाव, आणि ये. वॉकीटॉकीवर बोलू नकोस, वरचा ऐकत असतो."

वरचा म्हणजे कॅप्टन. आमची सगळ्यांची जाकिटं लाल. जहाजावरून पाहणाऱ्याला दोन लाल ठिपके दिसणार, एक चालतोय, एक वाकलाय. कोण कोण आहे ते कळणार नाही. मी गेले. खरं सांगते, मला आनंद झाला होता. पहिल्यांदाच ती चक्कर माझ्या वाट्याला आली होती.

घसरगाडीवर फळी बांधून मी सासूपर्यंत गेले आणि तिला पूर्ण वळसा घातला. भेग कुठेच नव्हती. दर वर्षी हात-दीड हात रुंद भेग असायची, आत काळं पाणी, पाहुणे फळीवरून जाताना किंचाळायचे, एकमेकांचे फोटो काढायचे. या वर्षी बर्फ थेट सासूच्या पायाशी जाऊन मिळालेला होता. वर बर्फाचा भुगा नुसता गुळगुळीत, कुणीतरी रंधा मारावा तसा. मी काठीनं चार-सहा ठिकाणी टोचून पाहिलं. दगड होता नुसता. मला वाटलं, वा, काय छान गोठलाय यंदा. म्हाताऱ्या पाहुण्यांचा हात धरून फळी पार करवायची कटकट वाचली. फळी मी तिथेच सोडली, निशाणं लावली, आणि लांबून दोन्ही हात डोक्यावर उभे केले. सगळं ठीक, अशी आमची खूण.

परत आल्यावर तो गिरमिट पुसत होता. "एक मीटर वीस," म्हणाला. "फळी?"

"झालं," मी म्हणाले.

तेवढंच. फळी लागलीच नाही, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, मग परत का आणली नाहीस, कंपनीची मालमत्ता तुझ्या बापाची आहे का. त्या बडबडीला कंटाळून मी एक शब्द बोलले आणि होडीत बसले. माझ्या आयुष्यात मी याहून मोठ्या थापा मारल्या आहेत. त्यांतली एकही मला आठवत नाही.

जहाज आलं. नाक बर्फात घुसलं, तसा जो आवाज होतो तो पाहुण्यांना फार आवडतो. वर टाळ्या झाल्या. कॅप्टन हॉल्वरनं विचारलं, "म्हाताऱ्या, अजून थोडं आत येऊ का? माझ्याकडे आज सगळे सत्तरीचे आहेत, तेवढंच चालणं वाचेल."

एउसेबियोनं सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ये," म्हणाला. "बाई बसलेली आहे, काही होत नाही."

जहाज मागे सरलं, पुन्हा घुसलं. तीनदा. बर्फात आपल्या लांबीपेक्षा जास्त लांब खाच पाडून ते थांबलं.

दुपारपर्यंत सगळं सोन्यासारखं होतं. ऊन होतं, वारा नव्हता. मी पंचेचाळीस जणांना घेऊन वसाहतीपाशी उभी होते. त्यांत लीव्ह म्हणून बेल्जियममधल्या ब्रुगच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. पहिल्या दिवसापासून त्या मला 'पोरी' म्हणायच्या. मी सत्तेचाळीस वर्षांची. त्यांनी तिकिटासाठी नवऱ्याची होडी विकली होती, असं त्या जेवताना सगळ्यांना सांगायच्या. नवरा जिवंत होता. त्याला अजून ठाऊक नव्हतं.

"पोरी, ते बघ, ते लठ्ठ," त्या कुजबुजल्या. "ते आईला सोडतच नाहीये. माझ्या वर्गात एक अगदी असाच होता. पुढे वकील झाला."

पिल्लू आईच्या पोटावर डोकं आपटून ओरडत होतं. आई दुसरीकडे बघत होती, जसं माझ्या आईनं माझ्याकडे लहानपणभर पाहिलं. मग तिनं मान खाली केली आणि पिल्लानं तिच्या चोचीत डोकं घातलं. लीव्हबाई रडायला लागल्या. इथे आलेले निम्मे लोक रडतात. मी त्यांना रुमाल दिला.

तेव्हा मागून वारा आला. हिमनदीवरून उतरणारा, जमिनीकडून समुद्राकडे. तो नेहमीच येतो. मी सवयीनं मागे वळून सासूकडे पाहिलं. तिच्या डावीकडे एक काळा कडा दिसतो, दर वर्षी तिथेच दिसतो. तो आता तिच्या उजवीकडे होता.

मला आधी काही समजलं नाही. मग लक्षात आलं. कडा तर हलत नाही.

"एउसेबियो," मी वॉकीटॉकीवर म्हणाले, "सासू उठली."

 मग त्याचा आवाज, अगदी शांत. त्याचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सगळ्यांना आण, नेली. पळवू नकोस. पण आण."

मी आणलं. गाणी म्हणत, थट्टा करत, "चला चला, सूप थंड होतंय" असं म्हणत. लीव्हबाई सारख्या मागे वळून बघत होत्या. शिडीजवळ पोचलो तेव्हा जहाजाच्या खाचेच्या टोकापासून एक रेघ निघाली होती आणि सरळ सासूच्या दिशेनं गेली होती. हात मावेल एवढी. एकेकाला वर चढवलं. कुणाचा बूटही ओला झाला नाही. कंपनीनं नंतर त्याबद्दल मला पत्र दिलं, कौतुकाचं.

एउसेबियो शिडी चढला तो थेट कॅप्टनकडे गेला. मी मागोमाग. तो दार न वाजवता आत शिरला.

"नाक लाव तिला," तो म्हणाला. "सासूला. समुद्राच्या बाजूनं जा आणि ढकलून धर. वारा पडेपर्यंत. दोन तास, तीन तास."

कॅप्टननं त्याच्याकडे पाहिलं. हॉल्वर वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "एउसेबियो, ते पन्नास लाख टनांचं धूड आहे. माझ्याकडे खाली शंभर माणसं आहेत."

"मला ठाऊक आहे किती आहेत."

"मग मला असलं सांगू नकोस."

"माझी तीनशे बारा आहेत तिथे."

 कॅप्टननं जहाज मागे घ्यायचा हुकूम दिला. बरोबरच होतं ते. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि म्हणूनच त्या दिवसाचा राग मला काढायला कुणी सापडत नाही.

तासाभरात खाडीभर बर्फ सुटा झाला. सासू अगदी सावकाश बाहेर निघाली, आणि तिच्या मागून अख्खी जमीन निघाल्यासारखा बर्फ निघाला. बाहेरच्या लाटा लागल्याबरोबर त्याचे तुकडे पडायला लागले. मोठे पक्षी बहुतेक समुद्रात गेलेले होते, मासळी आणायला. पिल्लं एकमेकांना चिकटून उभी होती. ज्या तुकड्यावर जी होती, ती त्याच्यावर राहिली.

असे सात-आठ तुकडे आमच्या जहाजाच्या अगदी शेजारून गेले. एकावर चाळीसेक, एकावर दहा, एकावर दोनच. दूरवर हिमनग, दुपारचं ऊन, आणि पिवळट प्रकाशात ती करडी पिल्लं जहाजाकडे तोंड करून. यापेक्षा सुंदर दृश्य मी तरी पाहिलेलं नाही. सगळे पाहुणे कठड्यावर लोटले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"निरोप द्यायला आली!" एक जर्मन गृहस्थ ओरडले. त्यांनी हात हलवला. मग बऱ्याच जणांनी हलवला.

लीव्हबाईंनी मात्र माझी बाही धरली. "पोरी, आता ही पोहत जातील ना?"

आम्हाला शिकवलेलं आहे, पाहुण्यांशी खरं बोलायचं. हवामान, मरणं, सगळं. मी तिथे उभी होते, आणि माझ्या तोंडातून आलं, "हो. वेळ झालीच होती त्यांची."

"आईला बरोबर सापडतील?"

"आवाजावरून ओळखतात."

"देव करो," त्या म्हणाल्या. शेवटचा तुकडा एका लाटेवर कलला. वर अकरा पिल्लं होती. पुढच्या लाटेनंतर चार होती. लीव्हबाई तेव्हा चष्मा पुसत होत्या.

एउसेबियो मला खाली बुटांच्या खोलीत सापडला. सगळ्यांचे बूट ओळीनं टांगलेले, जंतुनाशकाचा वास, आणि तो बाकावर, गुडघा दोन्ही हातांनी धरून.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "ती टेकलेली होती. आज सकाळी टेकलेली होती. मग उठेल कशी? एका दिवसात?"

मी समोर बसले. मला अजूनही कळलं नव्हतं. देवाशपथ. मी त्याला धीर द्यायला गेले होते.

"टेकलेली होती, हे कशावरून?" मी विचारलं.

"भेगेवरून, दुसरं कशावरून! समुद्र दिवसातून दोनदा वर-खाली होतो. त्याच्याबरोबर सगळा बर्फ वर-खाली होतो. सासू तळाला टेकलेली असेल तर ती हलत नाही, म्हणून तिच्याभोवती बर्फ तुटत राहतो. भेग कधी बुजतच नाही. भेग आहे म्हणजे बाई बसलेली आहे. भेग नसेल तर ती तरंगतेय, बर्फाबरोबर झुलतेय, मग तिच्या आसपास जहाज आणायचं नसतं, बर्फाला नखही लावायचं नसतं. फळी टाकायला दुसरं कशाला जातो आपण? म्हाताऱ्यांचे पाय भिजू नयेत म्हणून?"

सहा वर्षं मला तेच वाटत होतं.

  त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड हळूहळू मिटलं. वर जेवणाची घंटा झाली. पाहुण्यांचे पाय डोक्यावरून धावत गेले.

"तू म्हणालीस, झालं," तो म्हणाला.

"भेग नव्हती. मला वाटलं, चांगलंय."

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फक्त समोरच्या बुटांकडे पाहिलं.

"मी तुला सांगितलंच नव्हतं कधी," तो म्हणाला. "का, ते."

"मी विचारायला हवं होतं."

"विचारलं होतंस. पहिल्याच वर्षी. मी म्हणालो, डोकं लावायला मी आहे."

मी रडले. तो रडला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "ऊठ, तोंड धू. तुला जेवणात वाढायला जायचंय."

प्रत्येक वेळी माणसं उतरवली की नंतर एक फॉर्म भरायचा असतो. प्राण्यांना त्रास झाला का, किती, बर्फाची तपासणी कुणी केली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टेबलाशी बसलो. तपासणीच्या रकान्यात त्यानं आपलं नाव लिहिलं. खाली लिहिलं, हिमनगाभोवतीची भेग नसल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. त्याचं अक्षर वाकडंतिकडं, शाळकरी पोरासारखं. मी समोर होते. पेन त्याच्या हातात होतं, ते मी घेऊ शकले असते.

"नेली," तो न बघता म्हणाला, "दोघांनी घरी बसून काय फायदा?"

मी त्याला लिहू दिलं. त्यानं हे माझ्यासाठी केलं असं लोकांना वाटलं तर वाटो. मला माहीत आहे की मी गप्प बसले ते त्याची जागा डोळ्यांसमोर दिसत होती म्हणून. त्याही क्षणी दिसत होती.

कॅप्टन म्हणाला होता, बर्फ आज ना उद्या फुटलाच असता, हलकी झालेली होती सासू, तळातून वितळलेली. असेल. हे वाक्य मी स्वतःला रोज ऐकवते. कधी कधी ते तासभर पुरतं.

परतीच्या शेवटच्या संध्याकाळी फोटोंची स्पर्धा असते. पहिला नंबर त्या जर्मन गृहस्थांचा आला. बर्फाच्या तुकड्यावरची दोन पिल्लं, मागे सासू. फोटोचं नाव 'पहिला प्रवास'. बक्षीस नेहमी बर्फाचा जाणकार देतो. एउसेबियो लंगडत पुढे गेला, त्यांचा हात हातात घेतला, आणि म्हणाला, "छान टिपलंय."

कंपनीनं त्याचा परवाना काढून घेतला आणि त्याच्या जागी मला नेमलं. याला चार वर्षं झाली. आता कॅप्टन वरून वाकून मला विचारतो. माझ्या हाताखालच्यांना मी सगळं सांगते, इतकं सांगते की ती कंटाळून जांभया देतात. दर नोव्हेंबरात आम्ही त्या खाडीवरून जातो. बर्फ आता तिथे किनाऱ्याला धरून राहतच नाही. धरायला काही उरलेलं नाही. पहिल्या वर्षी थोडे मोठे पक्षी कडेला येऊन उभे होते. दुसऱ्या वर्षी पाच होते.

उशुआयात परतले की मी त्याच्याकडे जाते. टेकडीवरचं पत्र्याचं घर, शेगडी, येर्बाच्या पाल्याचा कडू काढा. तो मला नळी पुढे करतो, मी ओढते, परत देते. मग तो विचारायचा, "आली का माझी माणसं?" मी म्हणायचे, "नाही." तो शेगडीत लाकूड सारायचा आणि आम्ही फुटबॉलवर भांडायला लागायचो.

यंदा गेले तेव्हा मी दारातच मनाशी 'नाही' तयार ठेवलं होतं. त्यानं काढा दिला. गुडघ्याचं सांगितलं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं सांगितलं. अंधारून आलं तशी मी उठले. त्यानं फाटकापर्यंत सोबत केली, माझ्या जाकिटाची चेन लहान मुलीची ओढावी तशी गळ्यापर्यंत ओढून दिली, आणि आत गेला. त्यानं विचारलं नाही.